पुस्तकांतल्या आयांवर तुर्फोसा चिडते

किसुमूतल्या किबुयेच्या बाजारात जुन्या बुटांची रांग संपते तिथे तुर्फोसाचं पत्र्याचं दुकान आहे. एक पायमशीन, एक मोठी कात्री, जिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि भिंतीला टांगलेले चर्चमधल्या गायकांचे जांभळे झगे. बाजारात तिला कुणी तुर्फोसा म्हणत नाही. आमच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, म्हणून ती ओडेरोची आई. ओडेरो घर सोडून सहा वर्षं झाली होती तरी ओडेरोची आईच. कुणी तशी हाक मारली की ती मान वर करायची, पण त्याआधी मशीनवरचा तिचा पाय थांबायचा. ते थांबणं मला फार उशिरा दिसलं.

माझं सलून तिथून दोन गल्ल्या पलीकडे. मागच्या खोलीत, खोट्या केसांच्या खोक्यांखाली, एक कुलुपाचं कपाट आहे. त्यात आमच्यासारख्यांच्या गोष्टींची पुस्तकं आहेत. बाईवर जीव लावणाऱ्या बायांच्या, पुरुषावर जीव लावणाऱ्या पुरुषांच्या, मुलगा म्हणून वाढवलेल्या मुलींच्या आणि मुलगी म्हणून वाढवलेल्या मुलांच्या. आमच्यासारख्यांना कायदा तुरुंग दाखवतो हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून प्रत्येक पुस्तकाला मक्याच्या पिठाच्या पिशवीचं कव्हर, उलट्या बाजूने, आणि वर फक्त आकडा. वाचायचं असेल तर केस वाळवायच्या टोपाखाली बसून वाचायचं. माझ्याकडे असे तीन टोप आहेत, चालतो एकच. उरलेल्या दोनांखाली वाचक बसतात. डोक्यावर टोप घेऊन मांडीत काहीतरी धरून बसलेल्या बाईकडे किसुमूत कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. बाहेरगावच्या वाचकांना पुस्तकं मटाटूने, म्हणजे इथल्या शेअर गाडीने, जातात, पिठाच्या पोत्यातून.

नियम एकच. एका वाचकाचं नाव दुसऱ्याला कळता कामा नये. नावांची वही नाही. सगळी नावं माझ्या डोक्यात. या नियमापायी मी मार खाल्लाय, तेव्हा तो मोडायची गोष्ट माझ्यासमोर काढू नये.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तुर्फोसा दारात उभी राहिली. गळ्यात मापाचा टेप, लेसो, म्हणजे इथल्या बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड, घट्ट खोचलेला.

"वेण्या घालायच्यात की धुवायचे?" मी विचारलं.

"माझे केस माझी बहीण करते. पुस्तक हवंय."

"बायबलचं दुकान पुढच्या चौकात आहे, माय."

"बायबलं दोन आहेत घरी. तुम्ही लपवता त्यातलं हवंय."

वितालिस एका गिऱ्हाइकाची नखं रंगवत होता. त्याचा ब्रश हवेतच राहिला. वितालिस माझ्या सलूनमधला सगळ्यात देखणा पुरुष आणि सगळ्यात मोठं तोंड.

"कुणी सांगितलं आम्ही काही लपवतो म्हणून?" मी म्हटलं.

"तुमच्यातली एकजण स्कर्टची चेन बदलायला आली होती. तिच्या पिशवीत पिठाची पिशवी घातलेलं पुस्तक होतं. मी शिंपीण आहे, पोरी. वरून काय चढवलंय त्यावरून आत काय झाकलंय ते मला कळतं."

मला ती हेर वाटली. चर्चने पाठवलेली. म्हणून मी तिला कपाटातलं सगळ्यात कंटाळवाणं पुस्तक दिलं. चारशे पानांचं, कुठल्यातरी बर्फाच्या देशातलं, मुलगी म्हणून जन्मलेल्या एका पुरुषाचं. हेर असेल तर पंधराव्या पानावर मरेल, असा माझा हिशेब.

ती नऊ दिवस रोज दुपारी आली. आठवीपर्यंत शिकलेली बाई, इंग्रजी ओळीखाली बोट फिरवत वाचायची, ओठ हलायचे. दहाव्या दिवशी पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा माणूस चाळीस पानं आरशासमोर उभा आहे. तोवर त्या घरात स्वयंपाक कोण करतंय?"

वितालिस इतका हसला की गिऱ्हाइकाच्या बोटाला रंग लागला.

"हसू नकोस," ती म्हणाली. "तो छातीला पट्टी बांधतो ना, तीही चुकीची बांधतो. असा श्वास कोंडून मरेल एखाद दिवशी. एवढ्या श्रीमंत देशात त्याला एक शिंपी भेटू नये?"

पुढच्या आठवड्यात तिने एक घट्ट बंडी शिवून आणली. पुढे दुहेरी कापड, बाजूला ताणणारं, म्हणजे छाती सपाट दिसेल पण श्वास मोकळा राहील.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"पुस्तकातल्याला. तो काही किसुमूला न्यायला येत नाही. तुमच्यात कुणाला लागते का बघ."

लागली. आज आमच्यात अशा अकरा बंड्या आहेत. हेर बंड्या शिवत नाहीत, एवढं मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला कळायला जरा वेळ लागतो, चिडायला लागत नाही.

मग ती वाचतच सुटली. कपाटात नव्वद-एक पुस्तकं होती, तिने दोन वर्षांत साठ संपवली. आणि वाचून गप्प बसणारी बाई नव्हती ती. वसतिगृहातल्या दोन मुलींची कादंबरी होती, शेवटी त्यातली एक नदीत उडी घेते. आमच्यातल्या निम्म्याजणी ती वाचून रडल्या होत्या. तुर्फोसा रडली नाही, भडकली.

"पुन्हा नदी! हे तिसरं पुस्तक. या लिहिणाऱ्यांना दुसरी वाट ठाऊकच नाही का? आपला तलाव बघ केवढा. त्यात कोळी बुडतात. जीव लावलेल्या पोरी बुडत नाहीत. त्या नैरोबीला जातात, नोकरी धरतात आणि लठ्ठ होतात."

"पण माय, खरंच काहीजणी मरतात गं," मी म्हटलं.

"मरतात ना. मग एकीला तरी म्हातारी होऊ द्या की."

एक पातळसं पुस्तक मात्र तिने तीनदा नेलं. दोन म्हाताऱ्या बाया, एकत्र राहतात, कोंबड्या पाळतात, एकीचे गुडघे दुखतात, दुसरी तिला तेल लावून देते. बस. मी विचारलं, काय आवडलं एवढं? म्हणाली, "काहीच होत नाही त्यात. फार छान आहे."

पण तिचा खरा राग होता तो पुस्तकांतल्या आयांवर. आई आली की तिचं बोट ओळीखाली थांबायचं. "या सगळ्या पुस्तकांत आईला दोनच कामं," ती म्हणायची. "एक तर पोराला हाकलायचं, नाहीतर दाराआड उभं राहून रडायचं. ही बाई दिवसभर करते काय? हिला भूक लागत नाही? हाकलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा कुणासाठी ठेवते, ते का नाही कुणी लिहीत?"

"माय, तुला या आया एवढ्या का टोचतात गं?" वितालिसने एकदा विचारलं.

"तू नखं रंगव."

आमच्याकडे पुस्तक वाचून झालं की वाचक चार ओळी लिहितात. काय वाटलं, कुठे राग आला. पूर्वी सुट्या चिठोऱ्या असायच्या, त्या गळून जायच्या. तुर्फोसानेच युक्ती काढली. शाळेच्या वहीची पानं ती प्रत्येक पुस्तकाच्या पाठीला मशीनवर शिवून द्यायला लागली. कागदाने सुई बोथट होते, म्हणून एक जाड सुई तिने त्यासाठी वेगळी काढून ठेवली. त्या मागच्या पानांवर कुणी नाव लिहीत नाही, खूण काढतात. कुणाची खूण मासा, कुणाची कंगवा. तुर्फोसाचं अंगुस्तान. बाहेरगावची एक वाचक होती, तिची खूण छत्री. गाव सांगत नाही.

रविवारी दुपारी सलून बंद असतं. चर्च सुटलं की सात-आठजण मागच्या खोलीत जमतो, चहा आणि चपात्या होतात, आणि मी मागच्या पानांवर नवीन काय आलंय ते मोठ्याने वाचते. गेल्या वर्षीच्या मार्चमधल्या एका रविवारी सत्तेचाळीस नंबरचं पुस्तक बाहेरगावाहून परत आलं होतं. त्यात मुलगा म्हणून वाढवलेली एक मुलगी चोरून झगा शिवते आणि तिची आई तो चुलीत घालते. शेवटच्या पानावर छत्रीने लिहिलं होतं. मी उभी राहून वाचलं:

"या पुस्तकातली आई झगा जाळते. जळायला पाच मिनिटं लागतात. माझ्या आईने माझा झगा उसवला. दुपारभर बसून, एकेक टीप काढत, एकही धागा न फाडता. मी समोर उभी होते. मग तिने तुकडे इस्त्री केले, घडी घातली आणि माझ्या हातात दिले. मला तेव्हा वाटलं, जाळला असता तर बरं."

माझं डोकं तापलं. माझ्या आईने माझी गादी पावसात फेकली होती, ते सगळं वर आलं.

"ऐकलंत?" मी ओरडले. "मारणारी आई परवडली. ही थंड डोक्याची सैतान! ही बाई मला कुठे भेटली ना, तर तिच्याच कात्रीने..."

तुर्फोसाने कप खाली ठेवला. उठली. दारातून बाहेर गेली. लेसो सावरायलाही थांबली नाही.

"हिला काय झालं?" वितालिस म्हणाला. मग त्याने खुर्चीवरून काहीतरी उचललं. तिचा टेप. ती तो आंघोळीलाच काय तो काढत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन तिच्या दुकानात गेले. मशीनवर जांभळं कापड होतं, चाक थांबलेलं.

"टेप विसरलीस, माय."

तिने घेतला, गळ्यात घातला नाही. हातावर गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "ती बाई तुला भेटलीय, बेल्दीना. चांगली दोन वर्षं भेटतेय."

मी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"झगा कितेंगेचा होता, त्या छापील सुती कापडाचा," ती म्हणाली. "एका लग्नाच्या कामातलं उरलेलं कापड, पिवळं. मशीनमागे पिशवीत सापडला. गायकमंडळी मापं द्यायला यायची होती दुपारी. मी ओरडले नाही. हात उगारला नाही. शेजारच्या बायकांनी तर हाडं मोडली असती. मला वाटलं, मी किती शहाणी, किती शांत. म्हटलं, कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं. आणि उसवायला बसले. ओडेरो उभा होता इथे, तू बसलीस तिथेच. सकाळी गेला. तुकडे घेऊन गेला."

"आणि सहा वर्षं तू काय केलंस?" माझा आवाज चढलाच.

"पहिली दोन वर्षं मला वाटत होतं माझं बरोबर आहे. पुढची दोन वाटत होतं, भूक लागली की येईल. मग ती स्कर्टवाली आली." तिने टेपचा गुंडाळा सोडला. "कुणाला विचारणार होते मी? पाद्र्याला? म्हटलं पुस्तकांना विचारू. तर पुस्तकांतल्या आया माझ्याहून मूर्ख."

मग तिने माझा हात धरला. "कुठे आहे तो? गाव तेवढं सांग. मी दारापर्यंत जाणार नाही. रस्त्यावरून बघेन."

"नाही."

"मी आई आहे."

"म्हणूनच नाही. आमच्यातले निम्मे आयांपासूनच लपलेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता कात्री उचलते. तिने हात सोडला.

"नियम चांगला आहे," ती म्हणाली. "कुणीतरी त्याला सांभाळलं म्हणायचं. मग पत्ता नको. पुस्तक पुन्हा तिकडे पाठवशील?"

ते नियमात बसत होतं. आपल्या लिहिण्याखाली कुणी काय लिहिलं ते बघायला छत्री पुस्तकं परत मागवायचीच. मी सत्तेचाळीस नंबर आणून दिलं. तुर्फोसा तीन दिवस ते घेऊन टोपाखाली बसली आणि चार ओळी लिहून माझ्याकडे दिलं. मी वाचलं. वाचायचा हक्क माझा नव्हता, पण वाचलं.

"झगा मी उसवला. जाळला असता तर तुला न्यायला काही उरलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. ते खोटं आहे. तेव्हा मला कापडाची काळजी होती, तुझी नव्हती. तुकडे असतील तर पाठव. शिवून देते." खाली अंगुस्तान.

पुस्तक गेलं. एक आठवडा, दोन, चार. तुर्फोसा रोज दुपारी यायची आणि टोपाखाली बसायची, पण कपाटातलं काही मागायची नाही.

"माय, केस वाळवायचे नाहीत, पुस्तक नाही, मग टोप कशाला?" वितालिस म्हणाला.

"वाट बघायला. दुकानात लोक हाका मारतात."

मग वितालिस तिच्या हातात चहा आणून द्यायला लागला, साखर जास्त घालून.

सहाव्या आठवड्यात पोतं आलं. पुस्तकाबरोबर जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली एक घडी. मागच्या पानावर नवीन एक अक्षर नाही. तुर्फोसाने वितालिसला फरशी पुसायला लावली, दोनदा, आणि पिवळे तुकडे एकेक करून मांडले. पुढचा भाग, मागचे दोन, बाह्या, गळपट्टी, घेराचे दोन. फरशीवर एक मुलगी झोपल्यासारखी दिसायला लागली.

"बघ टीप किती बारीक घातली होती पोरीने," ती भोकांवरून बोट फिरवत म्हणाली. "मी शिकवायचे तेव्हा टिवल्याबावल्या. स्वतःसाठी शिवताना हात कसा बसलाय बघ." पोरगी हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

मग ती तुकडे पुन्हा मोजायला लागली.

"आठ आहेत. नऊ होते. खिसा नाही."

"हरवला असेल," वितालिस म्हणाला.

"हरवेल कसा? ठेवून घेतलाय." ती टाचांवर बसली. "बरोबर केलं. मीसुद्धा एवढ्यात सगळं दिलं नसतं."

आता शिवायचं तर माप हवं. तुकडे अठरा वर्षांच्या अंगाचे होते. आता चोवीस वर्षांचं अंग कसं असेल, ते तिला ठाऊक नव्हतं, आणि अंदाजाने कापड बेतणाऱ्यांना ती शिव्या देते. तिने त्याच पानावर लिहिलं, "तुकडे मिळाले. शिवणीत माया भरपूर ठेवली होतीस, सोडता येईल. माप पाठव." पुस्तक पुन्हा गेलं.

या वेळी अकराव्या दिवशी आलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी तिथेच घेऊन गेले. तिने त्या बाईला, "उद्या ये," म्हणून घालवलं, चष्मा लावला आणि शेवटचं पान उघडलं.

तिच्या दुकानात माप लिहायची एक रीत आहे. ती टेप लावून आकडा म्हणते, दुसऱ्याने लिहायचा. वर गिऱ्हाइकाचं नाव, खाली छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, उंची, याच क्रमाने. नावाशिवाय माप लिहिलं की ती वही फेकायची, नाव नसलेलं माप कुणाचं म्हणून शिवायचं? बारा वर्षांचा असल्यापासून ओडेरोच ती वही लिहायचा.

पानावर खाली सहा आकडे होते, त्याच क्रमाने. वर नाव होतं. अगोला.

तुर्फोसाने नावावर बोट ठेवलं आणि ते तिथेच राहिलं.

"माझ्या आईचं नाव," ती म्हणाली.

आमच्यात मेलेलं माणूस स्वप्नात येतं आणि माझं नाव या लेकराला दे म्हणून सांगतं. ते नाव मग द्यावंच लागतं.

"पहिलं मूल झालं तेव्हा मी किती वाट पाहिली," तुर्फोसा म्हणाली. "म्हटलं आई येईल, नाव मागेल. नाही आली. चिडले होते मी तिच्यावर. म्हातारी मला सोडून सरळ हिच्याच स्वप्नात गेली की गं."

तिने डोळे लेसोला पुसले, रागानेच, आणि बोट खाली सरकवलं. छाती छत्तीस. कंबर तेहेतीस. तिथे ती थांबली.

"काय झालं?" मी घाबरले.

"अठ्ठावीस होती." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "पाच इंच, बेल्दीना. म्हणजे जेवते."

पलीकडून बुटवाल्या बाईने हाक मारली, "ओडेरोची आई, सुटे आहेत का गं?"

मशीनवरचा पाय थांबला नाही, कारण तो मशीनवर नव्हताच. तुर्फोसा दारात गेली. "सुटे आहेत," ती म्हणाली, "पण हाक नीट मार. मी अगोलाची आई."

"अगोला कोण?"

"माझी थोरली."

बुटवाली बघतच राहिली. उद्या चर्चमध्ये याचं काय होणार ते तुर्फोसाला माझ्याइतकंच कळत होतं. जांभळे झगे तिच्या डोक्यावर टांगलेले होते. पुढे त्यातले निम्मे दुसऱ्या शिंप्याकडे गेलेही. पण त्या दिवशी तिने सुटे दिले, परत आली आणि पान पुन्हा हातात घेतलं. उंचीच्या आकड्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती तिने शेवटी वाचली. "खिसा माझ्याकडे आहे."

बस एवढंच. ये असंही नाही, येते असंही नाही. मी तुर्फोसाकडे बघितलं. तिने मान हलवली, गिऱ्हाइकाने काही सांगितलं की हलवते तशी.

हे सगळं लिहायला त्या दोघींनी मला परवानगी दिलीय. गावाचं नाव तेवढं सोडून.

तीन दिवसांत झगा झाला. अस्तर नवीन, बाजूच्या शिवणी सोडून वाढवलेल्या, टीप मुलीच्याच जुन्या भोकांतून जिथे जमेल तिथे. उजव्या बाजूला, हात सहज जाईल अशा उंचीवर, तिने खडूने खिशाएवढा एक चौकोन आखून ठेवला. पोत्यात घालताना तो पुसला जाऊ नये म्हणून वर कागद टाचला. एक मात्र मला म्हणाली, टाचणी दुहेरी लावलीय, काढताना बोटाला लागेल, तसं पानावर लिही. मी म्हटलं, तूच लिही. तिने लिहिलं.